मदत हवी आहे: न्यूयॉर्कला फुटपाथवर सापडलेला पिवळ्या तळव्यांचा पक्षी कोणता?

नमस्कार मंडळी,

मी साताऱ्याची. ऑगस्टपासून लेकीकडे न्यूयॉर्कला आले आहे, नातीला सांभाळायला. डिसेंबरात परत जाईन. पक्षी बघायचा नाद वीसेक वर्षांचा. अजिंक्यताऱ्याचा उतार आणि कासकडे जाणारा रस्ता, एवढंच माझं रान. सप्टेंबरात ओढ्याकाठी करडा धोबी शेपटी हलवताना दिसला की पाहुणे यायला लागले म्हणायचं, हा आमचा दरवर्षीचा हिशोब. इकडे येताना साड्यांत गुंडाळून दुर्बीण आठवणीने आणली. सेंट्रल पार्क लेकीच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे आणि नात आठच्या आत उठत नाही. त्यामुळे सकाळची वेळ माझी.

दोन गोष्टींत मदत हवी आहे. एका पक्ष्याची ओळख पटवायची आहे, आणि त्या पक्ष्याशी मी जसं वागले ते बरोबर होतं की चूक, ते विचारायचं आहे. दुसऱ्या प्रश्नाने मला चार दिवस चैन नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गेल्या मंगळवारची गोष्ट. आदल्या दिवशी पाऊस पडून गेला होता, रात्री वारा फिरला आणि सकाळी पहिल्यांदाच स्वेटर घालून निघावं लागलं. पार्ककडे जाताना एक उंच इमारत लागते. तिचा खालचा मजला सगळा काचेचा, आणि समोरची झाडं त्या काचेत इतकी स्वच्छ दिसतात की मलाही एकदा तिकडे बाग आहे असं वाटलं होतं. तिथे भिंतीपासून हातभर अंतरावर मला सुकं पान दिसलं. जवळ गेले तर पक्षी होता. पिसं फुलवून, डोळे अर्धे मिटून बसला होता. माणसांचे बूट वीतभर अंतरावरून जात होते तरी हलत नव्हता.

मी उचलला. हातात काही आहे असं वाटतच नव्हतं. ऊब तेवढी लागत होती, आणि बोटाला त्याचं काळीज.

वर्णन जमेल तेवढं नेमकं देते, कारण फोटो काढायचं त्या क्षणी सुचलं नाही. आकार चिमणीहून बारीक, शिंप्याहून भरलेला. पाठ शेवाळी हिरवी, तिच्यावर पुसट काळ्या रेघा. पंखावर दोन ठळक पांढरे पट्टे. गळा आणि छाती फिकट पिवळसर, छातीच्या कडांना ओल्या बोटाने पुसल्यासारख्या रेघा. शेपटीखाली पांढरं. डोळ्यावर पुसट भुवई. चोच बारीक, टोकदार. पाय काळपट होते, पण त्याने माझं बोट धरलं तेव्हा तळवे दिसले, ते हळद लागल्यासारखे पिवळे होते. याला काही अर्थ आहे की नाही ते मला माहीत नाही.

मी त्याला ओढणीच्या घडीत धरून पार्कात नेलं आणि तळ्याजवळच्या बाकावर बसले. बाटलीच्या झाकणात पाणी घेऊन चोचीला लावलं. प्यायला नाही. वीस-पंचवीस मिनिटांनी त्याने डोळे पूर्ण उघडले, मान फिरवली, म्हणून एका झुडपाखाली ठेवला. दोन उड्या मारून आत गेला आणि दिसेनासा झाला. दुसऱ्या दिवशी जाऊन तिथला पालापाचोळा चाळून आले. काही सापडलं नाही.

संध्याकाळी जावयांना सांगितलं तर ते म्हणाले, आई, इथे रानपक्षी हातात घेणं कायद्याने गुन्हा आहे. मी घाबरले नाही, पण मनात राहिलं. मी नेमकं काय करायला हवं होतं?

लेकीने आणून दिलेल्या पुस्तकात शरदातल्या वॉर्बलरांचं एक पान आहे. त्यावरचे सगळे मला माझ्या पक्ष्यासारखेच दिसतात. आणि हे वॉर्बलर म्हणजे आपले वटवटेच का? फोनवरचं मर्लिन अ‍ॅप पक्ष्यांचे आवाज ओळखतं म्हणतात, पण हे पक्षी आता गात नाहीत, नुसतं ‘टिक्’ करतात. सकाळच्या दीड तासात पार्कात नेमकं कुठे उभं राहावं, तेही कुणी सांगितलं तर बरं होईल.

प्रतिसाद

काकू, नमस्कार. मी अठरा वर्षं न्यू जर्सीत आहे आणि त्यातली बारा दर सप्टेंबर-ऑक्टोबरचे शनिवार सेंट्रल पार्कात काढली आहेत. तळवे बघितलेत आणि लिहिलेत, त्यामुळे काम झालं. तुमचा पक्षी ब्लॅकपोल वॉर्बलर.

वसंतात याच्या नराच्या डोक्यावर काळी टोपी आणि गाल पांढरे असतात, नाव त्यावरून पडलं. शरदात नर, मादी, पिल्लं सगळी शेवाळी दिसतात आणि इथले मुरलेले लोकही गडबडतात. याच्यासारखे दिसणारे दोघे आहेत. बे-ब्रेस्टेड वॉर्बलरच्या छातीवर रेघा नसतात, शेपटीखाली मळकट बदामी छटा असते आणि पाय तळव्यांपर्यंत गडद. पाइन वॉर्बलरची पाठ कोरी असते. रेघांची पाठ, शेपटीखाली पांढरं आणि पिवळे तळवे, तिन्ही एकत्र म्हणजे ब्लॅकपोल.

आपल्या वटवट्यांशी यांचं नातं फार दूरचं. नाव इंग्रजांनी सारखं ठेवलं, पण हे अमेरिकेचं स्वतंत्र कुळ आहे. अंगणातल्या रॉबिनचंही तेच. इथला रॉबिन खरा आपल्या कस्तुराच्या कुळातला.

आता तुम्ही हातात काय धरलं होतं ते सांगतो. हा पक्षी साधारण १२ ग्रॅमचा. कॅनडा आणि अलास्काच्या स्प्रूसच्या, म्हणजे सूचिपर्णी झाडांच्या, जंगलात वाढतो. अलास्कातले आधी अख्खा खंड ओलांडून पूर्व किनाऱ्याला येतात. इथे किडे खाऊन अंगावर इतकी चरबी चढवतात की वजन जवळजवळ दुप्पट होतं, आणि मग थेट अटलांटिकवर निघतात. व्हरमाँट आणि नोव्हा स्कोशियातल्या काही पक्ष्यांच्या पाठीवर संशोधकांनी उजेड नोंदवणारी चिमुकली यंत्रं बसवली होती. २०१५ मध्ये निष्कर्ष आले: दोन ते तीन दिवस, कुठेही न उतरता, २,२७० ते २,७७० किलोमीटर. पोर्तो रिकोच्या आसपासच्या बेटांवर टेकून पुढे व्हेनेझुएला आणि कोलंबिया. समुद्रात बसायला जागा नाही. सेंट्रल पार्क म्हणजे त्यांची शिदोरी बांधायची जागा.

ते रात्री उडतात. पहाटे खाली बघितलं की सिमेंटच्या मधोमध ८४३ एकरांचा हिरवा तुकडा दिसतो, तिथे उतरतात. घात होतो तो उजेडाने आणि काचेने. रात्रीचे दिवे त्यांना शहरावर ओढतात, आणि सकाळी काचेतलं झाड खरं समजून ते तिच्यावर आदळतात. न्यूयॉर्क सिटी बर्ड अलायन्स या पक्षीसंस्थेच्या अंदाजाने या एका शहरात वर्षाला ९०,००० ते २,३०,००० पक्षी असे मरतात. ११ सप्टेंबरच्या स्मृतीला आकाशात सोडतात त्या दोन प्रकाशझोतांमध्येही पक्षी अडकून गोल गोल फिरत राहतात. त्यांची संख्या हजारावर गेली की झोत वीस मिनिटं बंद ठेवतात. दिवे गेले की पक्षी पांगतात, मी स्वतः खाली उभा राहून बघितलं आहे.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सरळ देतो. उचललात ते बरोबर केलंत, तिथे पायाखाली नाहीतर मांजराच्या तोंडी गेला असता. पाणी लावायला नको होतं, ठसका लागून ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. आणि सोडायला नको होता. काचेवर आदळलेल्या पक्ष्याच्या डोक्याला मार असतो. तासाभराने तो ठीक दिसतो, सूज नंतर येते. तुमचा वाचला असेलही, दोन उड्या मारून आत गेला हे चांगलं लक्षण आहे.

पुढच्या वेळी कागदी पिशवी घ्या. तळाशी टिश्यू पेपर, पक्षी हलकेच आत, वरून दुमडून चिमटा. अंधार झाला की तो शांत होतो. दाणापाणी काही नको, उघडून बघायचं नाही. कोलंबस अव्हेन्यूवर वाइल्ड बर्ड फंडचा दवाखाना आहे, तुमच्या घरापासून लांब नसावा. पिशवी तशीच तिथे न्यायची.

कायद्याचं म्हणाल तर तुमचे जावई अर्धे बरोबर आहेत. १९१८ च्या कायद्याने स्थलांतरी पक्षी जवळ बाळगता येत नाही. पण जखमी पक्षी उचलून लगेच परवानाधारक उपचार केंद्रात पोचवायला कुणालाही मुभा आहे. मन स्वच्छ ठेवा.

उभं राहायचं तर रॅम्बलमध्ये. ७३ ते ७९ व्या रस्त्यांच्या मधली ती झाडी. अझेलिया पाँडला ओहोळ येतो तिथे पक्षी अंघोळीला उतरतात, शांत बसलं तर दहा फुटांवर. ट्युपेलो मेडोमध्ये एक जुनं तीन खोडांचं ट्युपेलोचं झाड आहे. त्याची गडद निळी फळं खायला सध्या झुंबड असते. रोज जमत नसेल तर बर्डकास्टच्या संकेतस्थळावर रात्री किती पक्षी वरून गेले ते रडारने मोजलेलं दिसतं. पाऊस ओसरून उत्तरेचा वारा सुटला की दुसरी सकाळ सोडू नका. तुमचा मंगळवार तसाच होता.

प्रतिसाद

ताई, पुण्याहून लिहिते आहे. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात आमच्या गॅलरीत नवरंग असाच येऊन बसला होता. दक्षिणेकडे परतायचे ते दिवस. आम्ही बुटाच्या खोक्याला भोकं पाडून अंधारात ठेवला आणि पक्षीमित्रांना बोलावलं. तोपर्यंत माझ्या सासूबाईंनी त्याच्यासमोर भिजवलेली डाळ ठेवली होती. प्रेमापोटी सगळेच करतात हो. तुम्ही जीव लावलात, मनाला लावून घेऊ नका.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. न्यू जर्सीच्या भाऊंचा प्रतिसाद लेकीला आणि जावयांना मोठ्याने वाचून दाखवला. समुद्रावरचे ते तीन दिवस ऐकून जावई बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, आई, आमच्या ऑफिसखाली मीही सकाळी बघत जाईन.

पावाच्या दुकानातल्या कागदी पिशव्या आता टाकत नाही. दोन घडी करून दुर्बिणीच्या पिशवीत ठेवल्या आहेत, एक चिमटाही. वाइल्ड बर्ड फंडचा दवाखाना बघून आले, चालत पंधरा मिनिटं लागली.

आज अझेलिया पाँडला तासभर बसले. पाण्यावर वाकलेल्या एका फांदीवर शेवाळी पाठीचा एक आला, खाली उतरू की नको करत होता. मी दुर्बीण आधी पायांवर धरली. फांदी पकडलेली बोटं पिवळी होती. पाण्यात तीनदा डुबकी मारून, अंग झटकून तो वर गेला.

आता आणखी एक मदत हवी आहे. त्या काचेच्या इमारतीच्या व्यवस्थापनाला पत्र द्यायचं मनात आहे. काचेला बाहेरच्या बाजूने दोन-दोन इंचांवर ठिपके चिकटवले तर पक्ष्याला तिथे काहीतरी आहे हे कळतं, असं वाचलं. त्यांचा फक्त खालचा मजला आहे, फार खर्च येऊ नये. मजकूर मराठीत लिहून ठेवला आहे, पण इथल्या रीतीचं इंग्रजी पत्र मला जमत नाही. लेकीला रात्रपाळी आहे, तिला त्रास द्यायचा नाही. कुणी करून देईल का? येत्या सोमवारी पुन्हा पाऊस आणि मग उत्तरेचा वारा दाखवत आहेत, त्याआधी पत्र पोचलं तर बरं.