मदत हवी आहे: तळ्यातली मरळ सोडावी की घरी न्यावी? (खानापूर भाग)

नमस्कार मंडळी,

मी खानापूर तालुक्यातला. गावाखाली तळं आहे आणि मलप्रभाही फार लांब नाही. लहानपणापासून गळ टाकतोय. आता आमच्या गळवाल्यांत दोन तट पडलेत आणि मला काही ठरवता येईना, म्हणून इथं विचारतोय.

कॉलेजची पोरं हल्ली रॉड-रील आणि आमिष म्हणून गळाला रबरी बेडूक घेऊन येतात. मोबाईलवर अमेरिकेतल्या बास माशाचे व्हिडिओ बघून शिकलेत. बास धरायचा, फोटो काढायचा, परत सोडायचा. तिकडं १९७२ पासून बासच्या मोठ्या स्पर्धांतही मासा जिवंत सोडायची पद्धत पडली, आणि पुढं ती सगळीकडं रुजली. आमच्या पोरांचं म्हणणं, आपणही प्रत्येक मरळ सोडायची.

दुसऱ्या बाजूला वडीलधारी माणसं. आमचे काका परवा सरळ म्हणाले, "खायची नाय तर तिच्या तोंडात गळ घालतोस कशाला?" या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नाही. नुसत्या फोटोसाठी जिवाला दुखवायचं हे मलाही पटत नाही. आणि मरळ म्हणजे बारीक काटे नसलेला, ताकदीचा मासा. आजारातून उठलेल्या माणसाला, बाळंतिणीला मरळीचा रस्सा देणारी घरं आमच्याकडं अजून आहेत. मृगाच्या पावसात ओढ्याला चढणीचे मासे येतात तेव्हा अख्खा गाव बुट्ट्या घेऊन उतरतो. मासे खाऊ नका असं इथं कोणी ऐकणार नाही, आणि मला तसं सांगायचंही नाही.

पण तळ्यात हाताएवढ्या जाड मरळी पूर्वी दिसायच्या, त्या आता दिसत नाहीत. जे लागतं ते वीतभर. खरी काळजी पावसाळ्याची आहे. मरळीची तांबूस पिल्लं पुंजक्यानं पाण्याच्या वरच्या थरात फिरतात आणि आई-बाप खालून राखण करतात. काहीजण मुद्दाम त्या पुंजक्यावर रबरी बेडूक टाकतात. मरळ भुकेनं येत नाही, पिल्लांना वाचवायला झेप घेते आणि अडकते. राखणदार गेल्यावर ती पिल्लं किती वेळ टिकणार?

त्यात तळ्याचा ठेकेदार म्हणतो, मरळ दिसली की काढा, ती माझी कटला-रोहूची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, खाते. तो पैसे भरून बीज सोडतो, त्याचंही खोटं नाही.

तर मला हे सांगा: कोणती मरळ ठेवायची, कोणती सोडायची? आणि सोडलेली खरंच जगते का?

– मलप्रभाकाठ

हिडकलचा_गळ:
दादा, बासचा नियम उचलून मरळीला लावू नका. तिकडं सोडायची सवय इतकी रुजली की बऱ्याच खाजगी तळ्यांत लहान बासची गर्दी होते, खाणं पुरत नाही, मासे हडकुळे राहतात. तिथं जाणकारच सांगतात, लहान बास काढा आणि खा. काही जलाशयांत तर दोन ठरावीक लांबींच्या मधले मासे सोडायचे आणि त्याहून लहान न्यायचे, असा नियम असतो. आपल्याकडं गळ, जाळं, उन्हाळ्यात आटलेलं तळं, सगळ्यांतून मासा जातो. आपली अडचण गर्दीची नाही.

पिल्लांचं तुम्ही बोललात ते बासलाही लागू आहे. बासचा नर उथळ पाण्यात घरटं करून अंडी राखतो. त्याला धरून लगेच सोडलं तरी तेवढ्या वेळात दुसरे मासे अंडी-पिल्लं फस्त करतात. म्हणून राखणीवरच्या मरळीला 'धरून सोडू' हे उत्तरच नव्हे. तिथं गळ टाकायचाच नाही. पुंजका दिसला की जागा बदला.

बाकी वर्षभर आमचा ठराव असा: फुटाच्या आतली सोडायची, कारण तिनं बहुधा अजून एकदाही अंडी घातलेली नसतात. फार मोठीही सोडायची, तिच्या पोटात अंडी जास्त. मधली एखादी घरी न्यायची आणि पोटभर खायची.

चंदगडी:
सोडलेली जगते, पण हाताळणी नीट हवी. मरळ वरची हवा घेते, त्यामुळं पाण्याबाहेर रोहूपेक्षा बराच वेळ तग धरते. म्हणून लोक तिला तापलेल्या दगडावर टाकून फोटो काढत बसतात, ते थांबवा. अंगावरचा चिकट थर गेला की बुरशी, जखमा होतात. हात ओले करा, पोटाखाली आधार द्या. बासला तोंडात अंगठा घालून धरतात तसं मरळीला करू नका, दात आहेत. गळाचा उलटा काटा पक्कडीनं आधीच दाबून ठेवा, म्हणजे गळ पटकन सुटतो. गळ घशात गेला असेल तर ओढू नका, दोरी तोंडाजवळ कापा. कल्ल्यातून भळाभळा रक्त येत असेल तर ती मात्र घरी न्या. सोडून फुकट मरणार असेल तर तुमच्या काकांचं म्हणणं बरोबर आहे.

मलप्रभाकाठ:
दोघांचे मनापासून आभार. काकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, पिल्लांवरच्या मरळीला हात लावायचा नाही हे त्यांच्या वडिलांच्या काळीही पाळायचे. म्हणजे पोरांशी बोलताना तेच सोबत असतील, माझं निम्मं काम झालं. फुटाचं माप रॉडवर रंगानं खूण करून देतो.

राहिला ठेकेदार. त्याला सांगायचं आहे की बोटुकली थोडी मोठी करून मगच तळ्यात सोड, म्हणजे मरळीच्या तोंडी कमी जातील. पण वाढवायला वेगळा खड्डा, खाद्य, राखण, हा खर्च कोणी करायचा? चिकोडी-निपाणीकडं कुठल्या गावानं ठेकेदाराशी असं काही जमवलं असेल तर कृपया कसं जमवलं ते लिहा. यंदाचं बीज सोडायच्या आत त्याच्याशी बोलायचं आहे.