दिवाळी अंकात कॉमन्सवरचा फोटो: श्रेय कसं द्यायचं?

प्रश्न: विकिमीडिया कॉमन्सवरचा (खुल्या परवान्याच्या फोटोंचा ऑनलाइन साठा) राजगडाचा फोटो छापील दिवाळी अंकात घ्यायचाय. परवाना सीसी बाय-एसए ४.० (क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याची ४.० आवृत्ती: श्रेय द्या, रूपांतर केलंत तर तेही त्याच परवान्याने खुलं करा). खाली 'सौजन्य: विकिपीडिया' पुरेल ना?

उत्तर १: नाही पुरणार. विकिपीडियाने फोटो काढलेला नाही! फाइलच्या पानावर 'ऑथर'समोरचं नाव जसंच्या तसं घ्या, टोपणनाव असलं तरी. ओळ अशी: 'छायाचित्र: (नाव), विकिमीडिया कॉमन्स, सीसी बाय-एसए ४.०, कडा कापून' (शेवटचे दोन शब्द फोटो कापला असेल तरच). कागदावर लिंक दाबता येत नाही, म्हणून फाइल आणि परवाना दोन्हींचे पत्ते श्रेयपानावर पृष्ठक्रमांकासह छापा.

उत्तर २: परवान्याची जुनी ३.० आवृत्ती असेल तर फोटोला दिलेलं शीर्षकही लागतं. ४.० मध्ये ती सक्ती नाही.

उत्तर ३: मुखपृष्ठासाठी फोटोवर रंगकाम, कोलाज वगैरे करणार असाल तर ते रूपांतर ठरतं, ते चित्र त्याच परवान्याने खुलं करावं लागेल. आतल्या लेखांना ही अट लागत नाही, उगाच घाबरू नका.

प्रश्नकर्ता: छापल्यावर चूक लक्षात आली तर?

उत्तर १: चुकीमुळे परवाना रद्द होतो, पण ४.० मध्ये ती कळल्यापासून ३० दिवसांत सुधारली तर आपोआप परत मिळतो. ई-आवृत्ती लगेच बदला. आधीच्या उल्लंघनाबद्दल दाद मागायचा छायाचित्रकाराचा हक्क मात्र शाबूत राहतो.