मदत हवी आहे: नळाचं पाणी पिवळसर, टीडीएस (विरघळलेले क्षार) 'उत्तम', घरात गरोदर जाऊ आणि लहान मूल. नेमकी कोणती तपासणी करून घेऊ?

नमस्कार मंडळी,

प्रश्न लांबलचक आहे, पण अर्धवट माहिती देऊन सल्ला मागण्यापेक्षा सगळं सांगते.

आम्ही नुकतेच एका जुन्या इमारतीत राहायला आलोय. घरात सासूबाई, दीर, आम्ही दोघं, अडीच वर्षांची मुलगी आणि सहावा महिना चालू असलेली माझी जाऊ. पाणी शहराच्या पाणीपुरवठ्याचं. दिवसातून ठरावीक वेळच येतं, जमिनीखालच्या टाकीत पडतं, पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढतं आणि मग घरात उतरतं. स्वयंपाकघरातला एक नळ तेवढा थेट लाइनचा आहे.

सकाळी टाकीच्या नळाला पहिलं पाणी फिकट पिवळं येतं, थोडं वाहिलं की साफ होतं. थेट लाइनच्या नळाला पाणी सुटल्यावर सुरुवातीची काही मिनिटं गढूळ असतं आणि कधीकधी वासही येतो. क्लोरीनचा वास काही दिवस नाकात भरेल इतका, काही दिवस अजिबात नाही. मध्येच एखाद्या वेळी पाणी दुधासारखं पांढरं दिसतं. नळाच्या तोंडाची जाळी काढली तर आत बारीक काळे कण सापडले.

फिल्टर विकणारे दोघे येऊन गेले. एकाने टीडीएस मीटर बुडवला, १४० आकडा दाखवला आणि म्हणाला, पाणी उत्तम आहे, साधा यूव्ही (अतिनील किरणांनी जंतू मारणारा फिल्टर) पुरेल. दुसऱ्याने दोन ग्लासांत दोन-दोन सळ्या घालून वीज सोडली. आमच्या नळाचं पाणी बघता बघता तपकिरी, चिखलासारखं झालं. त्याने आणलेलं पाणी स्वच्छ राहिलं. सासूबाई तेव्हापासून त्या नळाला हात लावायला तयार नाहीत, आणि खरं सांगायचं तर मीही घाबरले आहे.

वाचायला बसले तर शिसं, आर्सेनिक, नायट्रेट, फ्लोराइड, क्लोरीनपासून बनणारी रसायनं, जंतू, पीफास (कारखान्यांतली, सहज न विघटणारी रसायनं)... यादी संपत नाही. सगळ्याची तपासणी करणं झेपणारं नाही आणि काहीच न करता गप्प बसणंही शक्य नाही. आमच्यासारख्या घराने आधी काय तपासावं? नमुना कसा घ्यायचा? आणि अहवाल येईपर्यंत जावेला आणि मुलीला कोणतं पाणी द्यावं? तोवर उकळून देतेय, पण ते पुरेसं आहे का?

जाणकारांनी कृपया वेळ काढून लिहावं.

प्रतिसाद: जलवाहिनी

ताई, मी पाणीपुरवठ्याच्या कामात नोकरी केली आहे, त्या अनुभवावरून लिहितो. पाण्यात काय आहे हे विचारण्याआधी ते कुठे शिरत असेल हे बघा. जागा तीनच: मूळ स्रोत, रस्त्याखालची वाहिनी, आणि तुमच्या इमारतीतल्या टाक्या व पाइप. आर्सेनिक, फ्लोराइड, नायट्रेट हे बहुतेक वेळा स्रोतातून येतात, त्यामुळे त्यांचे आकडे शहराच्या पाणीपुरवठा विभागाकडे असायला हवेत. लेखी अर्ज देऊन मागा. तो खर्च तुम्ही करायची गरज नाही.

थेट लाइनच्या नळाला सुरुवातीला गढूळ आणि वासाचं पाणी येतं, ही तुमच्या यादीतली सर्वांत गंभीर गोष्ट. पाणी चोवीस तास नसलं की मधल्या वेळात वाहिनीतला दाब जातो. शेजारून गटाराची गळकी वाहिनी गेली असेल तर सांध्यांतून, भेगांतून बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जातं आणि पाणी सुटल्यावर तेच सर्वांत आधी नळाला येतं. ते पहिलं पाणी पिण्यासाठी भरू नका, आणि खालच्या टाकीतही जाऊ देऊ नका.

पिवळेपणा बहुधा जुन्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपांच्या गंजाचा. रात्रभर पाणी पाइपात उभं राहिलं की लोह उतरतं. पांढरं पाणी ग्लासात धरून ठेवा. तळाकडून वर साफ होत गेलं तर ती विरघळलेली हवा, काळजी सोडा. काळे कण बोटांत चुरडून बघा. रबरासारखे असतील तर वॉशर झिजतोय. काळी पूड होऊन बोटाला लागली तर मँगनीज असू शकतं, ते तपासणीत घाला.

आजच करता येईल अशी एक गोष्ट: क्लोरीन तपासायचं साधं किट आणा. थेंब टाकल्यावर पाणी पिवळं किंवा गुलाबी होतं, रंग तक्त्याशी जुळवायचा. नळाशी लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावं. थेट नळ आणि टाकीचा नळ, दोन्हीकडे बघा. थेट नळाला क्लोरीन आहे आणि टाकीच्या नळाला शून्य, असं निघालं तर ते टाकीतल्या घाणीवरच खर्च होतंय, टाक्या धुवायला काढा. दोन्हीकडे शून्य असेल तर त्याच दिवशी विभागाकडे तक्रार करा.

प्रतिसाद: परीक्षानळी

मी पाण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. आधी त्या दोन विक्रेत्यांबद्दल, कारण अशा प्रयोगांनी लोकांना घाबरवलेलं बघून फार संताप येतो.

सळ्यांच्या प्रयोगात रंग पाण्यातल्या घाणीचा नसतो. नळाच्या पाण्यात क्षार असतात म्हणून त्यातून वीज वाहते, लोखंडी सळी विरघळते आणि तिचाच गंज पाण्यात उतरतो. त्याने बहुधा आरओचं (क्षार गाळून काढणाऱ्या यंत्राचं) पाणी आणलं होतं; त्यात क्षार जवळपास नसतात, वीज वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ दिसतं. त्याच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकलं असतं तर तेही तपकिरी झालं असतं. सासूबाईंना हे नक्की सांगा.

टीडीएसचंही तसंच. तो मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतो आणि त्यावरून एकूण क्षारांचा अंदाज देतो, लिटरला किती मिलिग्रॅम ते पूर्ण अंकात. जागतिक आरोग्य संघटनेची शिशासाठीची मर्यादा आहे लिटरला १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.०१ मिलिग्रॅम. उद्या तुमच्या पाण्यात मर्यादेच्या पन्नासपट शिसं असलं तरी ते अर्धा मिलिग्रॅम होईल आणि मीटरवरचा १४० जागचा हलणार नाही. जंतू तर त्याला दिसतच नाहीत. १४० म्हणजे पाण्यात क्षार कमी आहेत, इतकाच त्याचा अर्थ.

तुमच्या घरासाठी मी दोन तपासण्या आधी करायला सांगेन: जंतू आणि शिसं. लोह, मँगनीज, नायट्रेट आणि गढूळपणा त्याच नमुन्यांवर सहसा होऊन जातात. पीफास सध्या बाजूला ठेवा; त्याची तपासणी फार कमी ठिकाणी होते, आणि आसपास तसा कारखाना किंवा अग्निशमनाचा फेस वापरणारं विमानतळासारखं ठिकाण नसेल तर तुमचा पहिला प्रश्न तो नाही.

नमुना चुकीचा घेतला तर अहवाल कागदाच्या किमतीचाही नाही, म्हणून हे नीट वाचा. जंतूंसाठी प्रयोगशाळेची निर्जंतुक बाटलीच वापरा. तिच्या तळाशी थोडं सोडियम थायोसल्फेट असतं, ते क्लोरीन निष्प्रभ करतं. नाहीतर वाटेत क्लोरीन जंतू मारत राहील आणि अहवाल खोटा चांगला येईल. ती बाटली विसळू नका. नळाची जाळी काढा, तोंड पुसून निर्जंतुक करा, थोडं पाणी जाऊ द्या, मग भरा. झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लागू देऊ नका. बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय (विष्ठेतून येणारा जंतू) एकही नसावा.

शिशाच्या नमुन्यात याच्या बरोबर उलट करायचं. रात्री झोपल्यावर किमान सहा तास तो नळ कोणी उघडायचा नाही आणि सकाळी पाणी वाहू न देता पहिलं लिटर बाटलीत घ्यायचं. मग काही मिनिटं वाहू देऊन दुसरी बाटली. पहिलीत शिसं जास्त आणि दुसरीत कमी आलं तर ते तुमच्याच नळातून, पितळी जोडातून, डाखातून किंवा जवळच्या पाइपातून उतरतंय. काही पीव्हीसी पाइपांतही शिशाची संयुगं वापरलेली असतात, त्यामुळे पाइप प्लॅस्टिकचा आहे म्हणून निश्चिंत राहू नका.

प्रतिसाद: साधासरळ

इतका खल कशाला? आरओ बसवा आणि मोकळे व्हा.

प्रतिसाद: परीक्षानळी

आरओ शिसं, नायट्रेट, आर्सेनिक काढतो हे खरं आहे. पण १४० टीडीएसच्या पाण्याला लावला तर उपयोगी क्षारही जातात आणि बरंच पाणी गटारात जातं. मुख्य म्हणजे, खालच्या टाकीत गटाराचं पाणी शिरत असेल तर ते तसंच राहील. त्याच पाण्याने दात घासले जातील, भाजी धुतली जाईल, मुलगी अंघोळ करताना तेच तोंडात घेईल. आधी निदान, मग यंत्र. शिसं निघालं तर शिशासाठी प्रमाणित केलेला कार्बन फिल्टरही चालतो, त्यावर एनएसएफ ५३ (फिल्टरसाठीचं अमेरिकी प्रमाण) आणि शिशाचा स्पष्ट उल्लेख हवा. यूव्ही जंतू मारतो, रसायनाला हात लावत नाही, आणि गढूळ पाण्यात तोही नीट चालत नाही.

प्रतिसाद: नाडीपरीक्षा

मी डॉक्टर आहे. जावेबद्दल आधी लिहितो.

गटारमिश्रित पाण्यातून पसरणारा हेपटायटिस ई हा कावीळीचा प्रकार बाकीच्यांना बहुधा आठवड्यांत सोडून जातो. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत मात्र तो जिवावर बेतू शकतो. त्या काळात लागण झालेल्या स्त्रियांत मृत्यूचं प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तुमच्या जाऊबाई त्या तिमाहीच्या उंबरठ्यावर आहेत. त्यांना पिण्याचं आणि दात घासण्याचंही पाणी उकळूनच द्या. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला २ ते १० आठवडे लागतात, त्यामुळे 'आजवर काही झालं नाही' यावर विसंबू नका. भूक मेली, सतत मळमळ, लघवी गडद, डोळे पिवळे, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

उकळणं म्हणजे रटरट उकळी फुटल्यावर पूर्ण एक मिनिट, २००० मीटरपेक्षा उंचावर तीन मिनिटं. त्याने जंतू मरतात. शिसं आणि नायट्रेट मात्र उकळून जात नाहीत. पाण्याची वाफ होते आणि ते मागे उरतात, म्हणजे किंचित वाढतातच. म्हणून सकाळचं पाइपात उभं राहिलेलं पाणी उकळायला घेऊ नका. ते भांड्यांना, झाडांना वापरा, नळ थोडा वाहू द्या आणि मग भरा. गीझरचं गरम पाणी स्वयंपाकाला कधीच नको, गरम पाण्यात शिसं जास्त उतरतं.

शिशाची भीती मुलीसाठी जास्त आहे. पोटात गेलेलं शिसं लहान मुलं मोठ्यांच्या चार-पाच पट शोषून घेतात आणि त्याचा घाव वाढत्या मेंदूवर बसतो. इतकं कमी शिसं चालेल, असा सुरक्षित आकडा माहीत नाही. रंग, वास, चव काहीही नसते. आईच्या हाडांत साठलेलं शिसं गरोदरपणात रक्तात उतरून बाळापर्यंत पोचतं, म्हणून जाऊबाईंसाठीही हे तितकंच महत्त्वाचं. नायट्रेटचा धोका मुख्यतः सहा महिन्यांखालच्या, पावडरच्या दुधावर असलेल्या बाळांना. तुमच्याकडे लवकरच बाळ येतंय, तेव्हा तो आकडा लिटरला ५० मिलिग्रॅमच्या आत आहे ना, एवढं बघून ठेवा.

क्लोरीनबद्दल एक विनंती. क्लोरीन आणि पाण्यातला सेंद्रिय कचरा मिळून ट्रायहॅलोमिथेन बनतात, दीर्घकाळ जास्त प्रमाणात पोटात गेल्यास मूत्राशयाच्या कर्करोगाशी त्यांचा संबंध दिसतो, हे खरं. म्हणून क्लोरीन नको म्हणणं फार महागात पडेल, कारण जंतूंचा धोका आजचा आहे. वास उग्र वाटला तर झाकणाच्या भांड्यात पाणी काही तास ठेवा.

प्रतिसाद: धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. सळ्यांचं स्पष्टीकरण सासूबाईंना वाचून दाखवलं, त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. क्लोरीन किट आणलं: थेट नळाला रंग आला, टाकीच्या नळाला अजिबात नाही. इमारतीच्या समितीला तोच फोटो पाठवला आणि दोन्ही टाक्या धुवायचं ठरलं. खालच्या टाकीचं झाकण तडकलेलं निघालं आणि सांडपाण्याचा पाइप तिच्या अगदी जवळून जातोय. उकळलेल्या पाण्याची वेगळी बाटली जावेच्या उशाशी ठेवतेय. नमुने पुढच्या आठवड्यात देईन.

एक शंका उरलीये. शिसं आता मर्यादेत आलं तर विषय कायमचा संपला का?

प्रतिसाद: जलवाहिनी

नाही. पाइप तेच राहून पाणी बदललं तरी शिसं उतरू शकतं. अमेरिकेतल्या फ्लिंट शहराने एप्रिल २०१४ मध्ये खर्च वाचवण्यासाठी नदीचं पाणी घ्यायला सुरुवात केली आणि पाइप झिजू नयेत म्हणून घालायचं रसायन घातलंच नाही. पाइपांच्या आत वर्षानुवर्षं बसलेला संरक्षक थर सुटला आणि शिसं घरोघरी पोचलं. लोक पाण्याचा रंग-वास दाखवत होते, तरी ऑक्टोबर २०१५ उजाडेपर्यंत स्रोत बदलला नाही. तुमच्या शहराने स्रोत बदलला, इमारतीत पाइपांचं काम झालं किंवा नवे पितळी नळ लागले, तर पहिल्या लिटरची तपासणी पुन्हा करा. आणि टाकी नुसती धुऊन थांबू नका. तो सांडपाण्याचा पाइप हलवून घ्या, नाहीतर चार महिन्यांत तेच.

प्रतिसाद: नाडीपरीक्षा

अहवालात शिसं मर्यादेच्या वर आलं तर मुलीची रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्या, आणि जाऊबाईंच्या प्रसूतितज्ज्ञांनाही अहवाल दाखवा. मुलांच्या रक्तात डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त निघालं, तर स्रोत शोधून तो तोडा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेव्हा नळाबरोबर भिंतींचा जुना रंगही तपासा. तोवर तिच्या जेवणात लोह आणि कॅल्शियम कमी पडू देऊ नका, त्यांची कमतरता असली की शिसं जास्त शोषलं जातं. अहवाल आला की इथे आकडे टाका, बघून सांगतो.