चर्चा: पंपाच्या कार्डातला ३३९ आधी मोजायचा की सरळ बदलायचा?

कृष्णाकाठ (सांगली):
पंपाच्या पॅनेलमधलं कार्ड दुरुस्तीला येतं. ड्राय रनचं (पाण्याविना पंप चालू नये म्हणून) असो, सिंगल फेजिंगचं (एक फेज गेली तर बंद करणारं) असो की टाकीच्या लेव्हलचं. रिले (कॉइलवर चालणारा स्विच) ओढत नाही एवढ्यावरच एलएम३३९, म्हणजे प्लस आणि मायनस इनपुटची तुलना करणारे चार कंपॅरेटर असलेला आयसी, उपसला जातो. माझं ठाम मत आहे की सप्लाय, दोन्ही इनपुट आणि आउटपुट मोजल्याशिवाय या आयसीला इस्त्री लावू नये.

कार्ड पॅनेलमधून बाहेर काढा, टेबलावर १२ व्होल्ट द्या, करंट लिमिट १०० मिलिअँपिअर ठेवा. मीटरची काळी प्रोब १२ नंबरच्या पायावर (ग्राउंड), लाल ३ नंबरवर (सप्लाय). तिथं पूर्ण १२ नसतील तर पुढं जाऊच नका, आधी सप्लायचा ट्रॅक बघा. मग जोड्या: १ नंबरच्या आउटपुटला ६ मायनस, ७ प्लस. २ ला ४ आणि ५. १४ ला ८ आणि ९. १३ ला १० आणि ११. मायनसचे व्होल्ट प्लसपेक्षा वर असतील तर आउटपुट ०.४ व्होल्टच्या खाली आलंच पाहिजे. प्लस वर असेल तर आतला ट्रान्झिस्टर फक्त बंद होतो. वरचे १२ व्होल्ट आयसी देत नाही, बाहेरचा पुलअप (आउटपुटवरून सप्लायला जोडलेला रेझिस्टर) देतो. पुलअप ओपन झाला की आउटपुट खालीच राहतं आणि बदनाम होतो आयसी. आउटपुट थेट बीसी५४७ ट्रान्झिस्टरच्या बेसला जात असेल तर वर आल्यावरही ०.७ च दिसतील. ते बरोबर आहे.

तरी शंका असेल तर १० के (किलोओहम) चा रेझिस्टर घ्या, त्याचं एक टोक प्लसला लावा आणि दुसरं आधी १२ ला, मग ग्राउंडला. आउटपुट पलटलं पाहिजे. नाही पलटलं तर फक्त आउटपुटचा पाय मोकळा करा, त्यावर १२ व्होल्टवरून ४.७ के लावा आणि पुन्हा बघा. आता हलला तर दोष बाहेर. आता नाही हलला तरच आयसी गेला.

गणगोत_वायंडिंग (कराड):
कागदावर ठीक आहे राव. पण उसाला पाणी द्यायची पाळी आहे, लाइट ठराविक तासच, आणि शेतकरी दुकानाच्या पायरीवर बसलाय. त्याला तुमच्या जोड्या ऐकायच्या नाहीत. १४ पायांचं सॉकेट एकदा बसवलं की पुढच्या वेळी आयसी बदलायला अर्धा मिनिट लागतो. चहाच्या किमतीत आयसी येतो, मोजण्यात वीस मिनिटं का घालवायची? शिवाय गरम झाल्यावर बिघडणारा आयसी तुमच्या थंड टेबलावर पास होतो. पॅनेलच्या पत्र्याच्या डब्यात दुपारी किती तापतं ते बघा.

मोजपट्टी (तासगाव):
सॉकेटला माझा विरोध नाही, न मोजण्याला आहे. बिघाडाचं मूळ कारण तसंच राहिलं तर नवा आयसीही जातो. दोन जागा बघाच. एक, रिलेच्या कॉइलवरचा १एन४००७ डायोड. तो ओपन झाला की रिले सुटताना मोठा उलटा झटका बसतो. दुसरी, विहिरीतल्या इलेक्ट्रोडची लांब वायर. तिच्यावरून इनपुट ग्राउंडच्या ०.३ व्होल्टहून खाली ओढलं गेलं की ३३९ चं आउटपुट चांगला आयसी असूनही उलटं वागू शकतं. म्हणून इनपुटला १०० के सिरीजमध्ये आणि ग्राउंडकडं एक शॉटकी डायोड (कमी व्होल्टलाच चालू होणारा), बीएटी८५ सारखा, लावा. साधा १एन४१४८ डायोड तिथं ०.६ ला अडवतो, म्हणजे हद्द ओलांडल्यावर.

आणि रिले टकटक करत असेल तर आयसीकडं बघायच्या आधी आउटपुटवरून प्लसला येणारा १ मेग (मेगओहम) चा रेझिस्टर तपासा. प्लसच्या वाटेत १० के असेल तर तो रिले लागण्यात आणि सुटण्यात साधारण ०.१२ व्होल्टचं अंतर ठेवतो. तो ओपन झाला की पाणी जरा हललं तरी रिले नाचतो.

गाळ_आणि_गंज (मिरज):
तिन्ही मतांत एक गोष्ट राहिली. २०१९ च्या ऑगस्टच्या पुरात बुडालेली कार्डं अजून कुठं कुठं चालतात. आयसीच्या पोटाखाली, दोन पायांच्या मध्ये, गाळाचा पिवळट पापुद्रा बसतो. पावसाळी हवेत तोच रेझिस्टर होतो. तपासायची रीत: इनपुटच्या पायाला सिरीजमध्ये ४७० के असेल तर त्याच्या दोन टोकांमधले व्होल्ट मोजा. या आयसीचा बायस करंट (इनपुटच्या पायातून वाहणारा बारीक करंट) जास्तीत जास्त २५० नॅनोअँपिअर, म्हणजे ०.१२ व्होल्टच्या आत यायला हवं. चांगल्या आयसीला बहुधा १०-१२ मिलिव्होल्टच. जास्त दिसलं तर आधी आयसोप्रोपिल आणि ब्रशनं धुवा, वाळवा, पुन्हा मोजा. तरीही तेवढंच असेल तर आयसी काढा. मोजायला १० मेगच्या इनपुटचा डिजिटल मीटर घ्या. काट्याचा २० के प्रति व्होल्टचा मीटर १० व्होल्टच्या रेंजला २०० के चा भार टाकतो. ४७० के च्या डिव्हायडरवर (व्होल्ट विभागणाऱ्या रेझिस्टरच्या जोडीवर) तो खोटं बोलतो.

गणगोत_वायंडिंग (कराड):
काट्याच्या मीटरचं मान्य. १एन४००७ चंही. पण उष्णतेचं उत्तर कुणी दिलं नाही.

आणि ३९३ (३३९ चाच दोन कंपॅरेटरचा भाऊ) मिळाला नाही म्हणून एलएम३५८ हा ऑपअँप टाकणाऱ्यांचं काय? पाय सारखे, बसतो, चालतोसुद्धा.

कृष्णाकाठ (सांगली):
३५८ चं आधी. चालतो असं वाटतं तिथंच घात होतो. ३९३ चं आउटपुट खाली ओढतं, वर ढकलत नाही. ३५८ दोन्ही करतो. दोन आउटपुट एकाच तारेला जोडलेले असतील तर एक वर आणि दुसरा खाली खेचत बसतात. आयसी १२ वर आणि पुलअप ५ व्होल्टला असेल, पुढं मायक्रोकंट्रोलर असेल, तर ३५८ त्याच्या पायावर साडेदहाच्या आसपास घालतो. दहा रुपयांच्या आयसीपायी अख्खं कार्ड जातं. दादा, हे तर कुठल्याच घाईत करू नका.

उष्णतेवर तुमचं बरोबर आहे, माझी रीत थंड टेबलाची होती. हेअर ड्रायरनं फक्त आयसी तापवा, बाजूच्या प्रीसेटवर (सेटिंगसाठी फिरवायचा रेझिस्टर) पुठ्ठा धरा, आणि इनपुट-आउटपुटवर दोन मीटर एकदम ठेवा. इनपुट जागेवर असून आउटपुट फिरलं तर आयसी खराब. इनपुटच सरकलं तर दोष प्रीसेटचा किंवा झेनरचा (ठराविक व्होल्ट धरणारा डायोड).

मोजपट्टी (तासगाव):
त्यात एक भर. बसवायच्या आधी नवा आयसीही तपासा. सॉकेटवर १२ व्होल्ट द्या, चारही प्लस वर धरा, पुलअप लावू नका आणि आउटपुटवरून ग्राउंडला १०० के लावा. खरा ३३९ शून्याजवळ राहील. एखादा पाय स्वतःहून वर आला तर तो आयसी कार्डात घालू नका.