बिब (शर्यतीत अंगावर लावायचा नंबरचा कागद) जॅकेटवर लावू नका
'थंडीच असते, सांताच्या पोशाखात १० किमी सहज होतात' असं नाताळच्या शर्यतीबद्दल काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. त्या जाड जॅकेटमधून घामाची वाफ बाहेर पडतच नाही, त्यामुळे गारठ्यातही अंग तापतं. नाताळच्या शर्यतीत चौथ्या किलोमीटरलाच मला ते काढावंसं वाटलं. पण बिब त्यावरच चार पिनांनी टोचलेला, आणि धावण्याची वेळ नोंदवणारी टायमिंग चिप बिबच्या मागे चिकटवलेली! घामेजल्या बोटांनी पिना काढता काढता दोन मिनिटं गेली, खूप वाईट वाटलं. तेव्हापासून बिब कमरेच्या इलॅस्टिक पट्ट्याला लावते. वरचं काहीही काढा, नंबर समोरच राहतो.

आणि पूर्ण पोशाखात आधी एकदा ५ किमी पळून बघाच. काखेत, मांडीला कुठे घासतंय ते तेव्हाच कळतं.