पांदण तरी मोकळी ठेवा

वावरांत प्लॉटचे लेआउट पडले म्हणजे गाव संपलं, असं म्हणतात; ते मला अर्धंच पटतं. आम्ही नागपूरजवळच्या हिंगणा तालुक्यातले. समृद्धी महामार्ग इथल्याच शिवमडक्यापासून निघतो. 11 डिसेंबर 2022 ला शिर्डीपर्यंतचा टप्पा सुरू झाला, पण वावरांचे भाव त्याच्या कितीतरी आधीच चढले होते. नागपूरच्या मिहान प्रकल्पात एम्स आल्यापासून म्हातारी माणसं दुखणं अंगावर काढत नाहीत. पोरी स्कुटीनं कॉलेजात जातात. नव्या वस्तीतली लेकरं तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी घेऊन मारुतीच्या पारावर येतात, ते पाहून खरंच जीव सुखावतो.

राग आहे तो वेगळ्या गोष्टीचा. वावर विकणाऱ्याला पैसा मिळाला. त्याच वावरात निंदण आणि कापूस वेचणी करून घर चालवणाऱ्या बायांना कुणी विचारलंसुद्धा नाही. आणि पांदण, म्हणजे वावरांत जायचा वहिवाटीचा रस्ता! लेआउटवाल्यानं धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, सिमेंटचे खांब रोवून तार ओढली. मागच्या वावरांत आता बैलबंडी जात नाही. यंदा तुरीची पोती डोक्यावर वाहून काढली.

ज्यांच्याकडे असं झालंय त्यांनी गप्प बसू नये. वहिवाटीचा रस्ता अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदाराकडे दावा करता येतो. मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. आपसात मिटेल म्हणत बसलं की मुदत निघून जाते. तार ओढली त्याच दिवशी फोटो काढा, शेजारच्या धुरेकऱ्यांना साक्षीला घ्या.