फुकुशिमातील मापनयंत्रे: भीतीचा विजय की रहिवाशांचा हक्क?

वैदेही: २०११ च्या अणुअपघातानंतर फुकुशिमात बसवलेल्या किरणोत्सार मोजणाऱ्या यंत्रांपैकी सुमारे २,४०० यंत्रे हटवण्याचा बेत जपानच्या अणुनियामक प्राधिकरणाने रहिवाशांच्या विरोधामुळे २०१९ मध्ये सोडला, हा ‘भीतीचा विजय’ होता, असे शेखर यांनी कालच्या लेखात लिहिले आहे. मला ते मुळीच मान्य नाही. अपघातात बाहेर पडलेल्या किरणोत्सारी सीझियम-१३७ चे अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मे होण्यास लागणारा काळ, तीस वर्षांचे आहे आणि डोंगरांवरची बहुतेक जंगले साफ झालेलीच नाहीत, तेव्हा वस्तीतला आकडा उतरला म्हणून धोका सरत नाही. १९८६ मध्ये अणुअपघात झालेल्या युक्रेनमधील चेर्नोबिलच्या परिसरात एप्रिल २०२० मध्ये वणवे लागले, तेव्हा जमिनीत मुरलेले सीझियम धुराबरोबर पुन्हा हवेत आले.

शेखर: आले, पण किएव्हपर्यंत पोहोचलेले प्रमाण आरोग्याच्या दृष्टीने नगण्य होते. माझा विरोध मोजणीला नाही, वर्षानुवर्षे जवळपास तोच आकडा दाखवणाऱ्या यंत्रांना आहे. तो पैसा रानडुकरे, रानअळंबी आणि गोड्या पाण्यातील मासे तपासण्यावर खर्च करा. अन्नासाठीची किलोमागे १०० बेक्वेरेलची (बेक्वेरेल म्हणजे किरणोत्साराचे एकक) मर्यादा ओलांडली जाते ती मुख्यतः तिथेच.

मंजिरी: तपासणी निरुपद्रवी असते, हे तुम्ही दोघेही गृहीत धरता. फुकुशिमात अपघाताच्या वेळी १८ वर्षांपर्यंतच्या असलेल्या सुमारे ३,८०,००० मुलांना थायरॉइडच्या सोनोग्राफीसाठी बोलावले गेले, आणि कदाचित जन्मभर त्रास न देणाऱ्या गाठींसाठी कोवळ्या वयात शस्त्रक्रिया झाल्या. माझ्या बहिणीची गाठ अशीच सहज केलेल्या तपासणीत सापडली. ग्रंथी काढली आणि आता तिला गोळ्या कायमच्या लागल्या आहेत.

वैदेही: बहिणीबद्दल वाईट वाटते, पण मातीची मोजणी आणि मुलांची तपासणी यांची गल्लत करू नका. चेर्नोबिलनंतर दुधातून किरणोत्सारी आयोडीन-१३१ पोटात गेलेल्या मुलांमध्ये थायरॉइडचा कर्करोग खरोखरच वाढला. तपासणीच नको म्हणणे क्रूरपणाचे आहे.

मंजिरी: ‘क्रूरपणा’ मागे घ्या. फुकुशिमातील मुलांना बसलेली किरणोत्साराची मात्रा त्या मानाने फारच कमी होती, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनेही २०१८ मध्ये अणुअपघातानंतर सरसकट थायरॉइड तपासणी करू नये अशीच शिफारस केली.

वैदेही: शब्द मागे घेते. सरसकट तपासणीपुरते तुमचे म्हणणे मान्य. यंत्रांबाबत मात्र मी तसूभरही हटणार नाही. २०११ मध्ये किरणोत्सार कुठे पसरेल हे सांगणाऱ्या सरकारी ‘स्पीडी’ प्रणालीचे अंदाज लोकांपर्यंत वेळेवर पोहोचवले गेले नाहीत, म्हणून अणुप्रकल्पाजवळच्या नामिए गावाचे लोक नेमके किरणोत्सारी ढगाच्या वाटेवरच्या त्सुशिमात जाऊन थांबले. अशा लोकांच्या दारातला आकडा त्यांना न विचारता बंद करण्याचा अधिकार कोणाला आहे?

शेखर: नामिएच्या बाबतीत झालेला अन्याय मी नाकारत नाही. रहिवाशांना हवी असतील तर यंत्रे राहू द्यावीत, एवढे मी मान्य करतो. मात्र त्यांच्या खर्चापायी अळंबी आणि माशांच्या तपासणीला कात्री लागता कामा नये.